सागाच्या चार चकत्या

समोरच्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड लागायला लागल्या की आगोट आली असं मी समजते. गल्लीत कोळणी सुके बोंबील, सोडे, जवळा घेऊन फिरू लागतात आणि इमारतीतल्या नव्या बायांना तो वास सोसत नाही. मी मात्र ओट्यावर फडकं अंथरून बसते. पावसाचे चार महिने पुरेल एवढं सगळं मे महिन्यात घरात भरून ठेवायचं, त्या दिवसांना आमच्याकडे आगोट म्हणतात. मिरच्या उन्हात पडलेल्या असतात, लाकडं रचायची असतात, मसाला कुटणाऱ्या बाया आज येतो, उद्या येतो म्हणून झुलवत असतात. हवा अंगाला चिकटते. सगळ्या वसईला घाई झालेली असते आणि घाईतल्या माणसाला फसवणं सोपं असतं.

मी बोंबलाच्या जुडीतला मधला एक उपसते आणि मोडून बघते. वरचे कडक आणि आतले ओलसर, ही युक्ती कोणी मला शिकवू नये.

"फिलूबाय," परवा कोळीण म्हणाली, "लगीन करताना नवरापन मोडून बघितलावतास काय?"

"बघितला असता तर घेतला नसता," मी म्हटलं. आमचे हे आत पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज जरा मोठा आला.

कोळीण हसत गेली. मी बोंबील आत नेऊन ठेवले आणि ओट्यावरच्या बाबांच्या खुर्चीत येऊन बसले. आगोटीत मी या खुर्चीत जास्त वेळ बसते. ती मला कशी मिळाली ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. आणि मग थोड्या वेळाने दुसरंच काहीतरी होतं, त्याला काय म्हणावं ते मला नीट कळलेलं नाही.

लोक मला संशयी म्हणतात. मी पंधराव्या वर्षी अंडी विकायला लागले. अंडं मुठीत धरून उन्हाकडे करायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. आत सावली हलली की बाजूला. देणारा मावसा असो, पाद्रींची स्वयंपाकीण असो, अंडं उन्हाकडे करायचंच. पुढे सुकेळी करू लागले. राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळवायची आणि केळीच्या वाळल्या सोपटात गुंडाळून विकायची. त्यासाठी घड मी वाडीत जाऊन झाडावरच ठरवायची. ठरवलेल्या घडाच्या दांड्यावर कोयत्याने तीन चिरा मारायची. बैलगाडीत माल भरताना मध्येच बारीक घड कसे शिरतात ते एकदा मी पाहिलं होतं. त्यानंतर ज्या दांड्यावर माझ्या तीन चिरा नाहीत, तो घड माझ्या अंगणात उतरला नाही. अशा तीन-तीन चिरा मारत मी माणिकपूरला स्लॅबचं घर बांधलं. नवऱ्याचा पगार होता, नाही असं नाही. पण स्लॅब सुकेळ्यांचा आहे.

संशयाने माझं भलंच केलं. हे आधी सांगून टाकलेलं बरं.

बाबा शाळामास्तर होते आणि अंगाने असे उंच, की स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा वाकायचे. पाठ धरू लागली तेव्हा त्यांनी पडक्या घराचा एक सागवानी वासा मिळवला आणि सुताराला ओट्यावर बसवून खुर्ची करून घेतली. सुताराने शिंप्यासारखी त्यांची मापं घेतली होती. पाठ किती, मांडी किती, हाताचं कोपर कुठे येतं. ती खुर्ची बाबांच्या अंगावर बेतलेली होती. त्यात बसून ते वह्या तपासायचे आणि आम्ही पोरं खाली जमिनीवर बसून त्यांच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत पाढे म्हणायचो.

बाबा गेले आणि आय त्या खुर्चीत बसू लागली. आय म्हणजे माझ्याच चणीची, पाच फूटसुद्धा नाही. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जोडणारी एक आडवी पट्टी आहे. तिच्यावर दोन्ही टाचा टेकवून ती बसायची, हातात जपमाळ, नजर रस्त्यावर. येणारा-जाणारा म्हणायचा, "आजी, राणीसारखी बसलीस गो!" मलाही ती राणीच वाटायची.

वाटणी झाली तेव्हा मी जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. आमच्या गावात बहिणी अशा सह्या करतात. मी घासाघीस करणारी बाई, पण त्या दिवशी घासाघीस केली नाही. फक्त एक मागितलं.

"बाबांची खुर्ची मला दे," मी माझ्या थोरल्या भावाला, इनासला म्हटलं.

इनास अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आय त्यात बसते, फिलू. आय जिथं, खुर्ची तिथं."

मऊ बोलणाऱ्याचा माल मी दोनदा मोजते. त्याची बायको रेजिना बाजूला उभी होती. तिने मान खाली घातली. हसू लपवायला घातली असंच मी धरलं. कागदावरची शाई अजून ओली होती आणि एवढी वाडी सोडून मला एक लाकडी खुर्ची मिळत नव्हती. त्या दिवसापासून मी त्या घरी जायची ती फक्त आयला भेटायला. गेले की माझे डोळे सगळीकडे फिरायचे. बाबांचं कपाट कुठे गेलं? तांब्याचा हंडा कोणाकडे? आयच्या ताटात काय वाढलंय?

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. स्लॅबच्या घरातली माझी पहिलीच आगोट होती. आयचे गुडघे तोवर गेले होते. जमिनीवर बसवत नव्हतं. इनासच्या घरावर जुनी कौलं, पावसात अंगणभर पाणी, पायखाना मागे परसात. मी म्हटलं, आय, पावसाचे चार महिने माझ्याकडे ये. सगळं एका छपराखाली आहे. आय म्हणाली, "बघते. आगोट होऊ दे."

हे "बघते" मला आवडलं नाही. मी इनासला गाठलं.

"तुझ्या सोफ्यात ती रुतते," तो म्हणाला. "नाताळात आली होती तेव्हा तिला उठवायला दोन माणसं लागली. तिला खुर्ची लागते."

"मग खुर्ची दे चार महिने."

"खुर्ची इथली आहे, फिलू."

"आय जिथं, खुर्ची तिथं म्हणाला होतास."

"आय इथंच आहे ना," इनास म्हणाला. पुन्हा तोच मऊ आवाज.

म्हणजे खुर्ची अडकवून आयला अडकवायची. मला डाव कळला. बरं, म्हटलं, मग खुर्ची मीच करते. अशी, की आयला फरक कळता कामा नये.

वसई गावात जुन्या सामानाचं एक दुकान होतं. तिथे मागच्या अंगणात, पावसाने सडलेल्या दारांच्या ढिगात, मला हवी तशी हातांची एक खुर्ची दिसली. उंच पाठ, साग, पुढे तशीच आडवी पट्टी. उजवा हात निखळलेला, बसायची गादी फाटून स्प्रिंगा वर आलेल्या, मागचा एक पाय लुळा.

"डॉक्टरच्या बंगल्यातली आहे, ताई," दुकानदार म्हणाला.

"तुमच्याकडे सगळंच डॉक्टरच्या बंगल्यातलं. एवढे डॉक्टर असते तर वसईत कोणी मेलं नसतं." मी केसातली पिन काढली आणि पायाच्या बुडाशी खुपसून बघितली. भुंगा लागलेलं लाकूड पिन आत घेतं. हिने घेतली नाही. खुर्ची चांगली होती. म्हणून मी तोंड वाकडं केलं आणि बाहेर पडले.

तीनदा बाहेर पडले. तिसऱ्या वेळी तो फाटकापर्यंत मागे आला. "ताई, घ्या आणि जा. तुम्ही परत आलात तर मला दुकान बंद करावं लागेल."

दुरुस्तीला धर्माचं नाव कोणीतरी सुचवलं. धर्मा खाडीकडच्या गावचा. त्याच्या बापाने मिठागरात जन्म काढला आणि हा स्टेशनबाहेर टांग्यांच्या गाद्या भरायचा. पुढे टांगे कमी झाले, रिक्षा आल्या, तेव्हा वालीवला पत्र्याची शेड टाकून रिक्षांच्या सीटा शिवायला लागला. खुर्ची हातगाडीवर चढवण्याआधी मी ती आमच्या मागच्या पडवीत आडवी केली आणि चारही पायांच्या तळाशी, कडेला, चाकूने तीन-तीन चिरा मारल्या. साग महाग. पाय बदलून आंब्याचे बसवले आणि वरून रंग दिला तर कोणाला कळतंय? धर्माला मी हे अर्थातच सांगितलं नाही. खूण सांगून ठेवली तर तिला खूण कोण म्हणेल?

त्या मे महिन्यात मी रोज वालीवला जायची. हाताला मिरच्यांची आग असायची आणि नाकात शेडमधला वास: काथ्या, गोणपाट, पॉलिशचा चपडा, स्पिरिट. शेजारच्या गाळ्यात दिवसभर पत्रे ठोकायचे, त्यामुळे आम्ही दोघं ओरडूनच बोलायचो. जुनी गादी उसवायच्या दिवशी मी समोर उभी राहिले.

"आतून काय निघालं तर ते माझं," मी म्हटलं.

"घ्या बाय, सगलं घ्या," धर्मा म्हणाला आणि त्याने गोणपाट टरकावलं. उंदरांनी केलेलं घरटं निघालं, गळ्याचं एक बटण आणि फणीचे तीन दात. त्याने ते कागदावर ठेवून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले. मी बटण घेतलं.

आता मापाचा प्रश्न होता. बाबांच्या खुर्चीची उंची, रुंदी, खोली हवी होती आणि मी टेप घेऊन इनासच्या ओट्यावर जाणार नव्हते. मी धर्माला म्हटलं, "तू जा. सांग की सोफे-खुर्च्या दुरुस्त करतो, काम शोधतोय. ओट्यावर खुर्ची आहे. हळूच माप घेऊन ये. माझं नाव काढायचं नाही."

"चोरी करायला सांगताव," तो म्हणाला.

"माप चोरीला जात नाही."

दुसऱ्या दिवशी तो एक सुतळी घेऊन आला. टांगेवाल्यांच्या गाद्या भरणारे टेप वापरत नाहीत. सुतळीला गाठी मारतात. एक गाठ बसण्याची, एक गुडघ्याची, एक पाठीची. मी सुतळी हातात घेतली, एक टोक जमिनीला लावलं आणि पहिली गाठ कुठे येते ते बघितलं. मला बाबांच्या खुर्चीची उंची पाठ होती. लहानपणी तिच्या कडेवर हनुवटी टेकवून मी पाढे म्हटले होते. ही गाठ खूपच खाली येत होती.

"हे माप चुकीचं आहे."

"माप बरोबर हाय."

"तिथे कोण होतं?"

"आजी व्हती. दादा व्हता."

"दादा काय म्हणाला? कोणी पाठवलं विचारलं? आत कोण होतं? आयला काय देत होते खायला?"

धर्मा काथ्या पिंजत होता. "दादानं चहा दिला," तो म्हणाला. "बिस्कुटपन दिलं."

"म्हणजे बिस्किटावर विकला गेलास."

त्याने माझ्याकडे बघितलं, काथ्याचा पुंजका खुर्चीत दाबला आणि म्हणाला, "दोन बिस्कुटं व्हती, बाय." यापलीकडे त्याच्या तोंडून काही निघालं नाही. न बोलणारा माणूस मला बोलणाऱ्यापेक्षा जास्त भारी पडतो. बोलणाऱ्याचं मोडून बघता येतं.

मी त्याला बजावलं की सुतळी काहीही म्हणो, खुर्ची उंच आहे ती उंचच राहू दे. तो "हां" म्हणाला. नव्या नवारीच्या पट्ट्या ताणल्या गेल्या, स्प्रिंगा बांधल्या गेल्या. त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या. पाठीला डावीकडे त्याने काथ्या जास्त भरला तेव्हाही मी ओरडले. "आजी डावीकडं कलते," तो म्हणाला. कलते? माझी आय? मी मुलगी, मला कधी दिसलं नाही आणि या माणसाला एका चहात दिसलं? तेव्हा माझी खात्रीच झाली की इनासने त्याला काहीतरी पढवून पाठवलं आहे. खुर्ची बिघडवायची. आय बसणार, म्हणणार हिच्यात बरं वाटत नाही, आणि झालं. पुढचे चार दिवस मला झोपताना, उठताना, मिरच्यांचे देठ खुडताना हेच दिसत होतं.

मेच्या शेवटच्या रविवारी, चर्चमधली मिसा आटोपल्यावर, इनास आयला टांग्यातून माझ्याकडे घेऊन आला. आगोट झाली होती, आता ती "बघते"चं उत्तर देणार होती. आभाळ उतरून आलं होतं. मी आयला सोफ्यावर न बसवता दारातल्या पेटीवर बसवलं आणि तेवढ्यात धर्माची हातगाडी आली. धर्माने खुर्ची उतरवून ओट्यावर ठेवली. चपड्याने लाकूड मधासारखं चमकत होतं. गर्द हिरवं रेक्झिन, कडेने पितळी चुका एका ओळीत. 

मग मी खाली वाकून पाय बघितले. चिरा नव्हत्या. एका पायाला नव्हत्या, दुसऱ्याला नव्हत्या. तिसऱ्याला, चौथ्यालाही नव्हत्या.

"ही माझी खुर्ची नाही," मी म्हटलं.

"तुमचीच हाय, बाय."

"माझ्या खुणा कुठायत? चारही पायांना तीन-तीन चिरा मारल्या होत्या मी! पाय बदललेस? साग कुठे विकलास? इनास, किती दिलेस याला?"

"कशाबद्दल?" इनास म्हणाला. मग त्याने धर्माकडे नीट बघितलं. "अरे, तू तर काम शोधत आला होतास."

"मीच पाठवला होता त्याला!" रागात माझ्या तोंडून निघून गेलं. "माप आणायला पाठवला होता. आणि तू त्याला फोडलास!"

इनासच्या चेहऱ्यावर जे आलं ते मऊ नव्हतं. "मला वाटलं बिचारा पोटासाठी फिरतोय," तो म्हणाला. "दोनदा चहा पाजला त्याला."

धर्माने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आत हात घालून चार चकत्या काढल्या आणि माझ्यापुढे ओट्यावर एकेक करून मांडल्या. सागाच्या, दोन बोटं जाडीच्या. प्रत्येकीच्या कडेला तीन चिरा.

"ह्या खुना काय?" तो म्हणाला. "पाय कापलेत. दोन दोन बोटं."

"कोणाला विचारून?"

"आजीला. सुतली खुर्चीची नव्हती, बाय. आजीची व्हती. दादा चहाला आत गेला तवा पेटीवर बसवली तिला आन् गुडघ्यापासून टाचंपर्यंत गाठ मारली. तिकडच्या खुर्चीत पाय लोंबतात तिचे. टाचा पट्टीवर ठेवते म्हनून तुमाला दिसत नाय. टांग्यात असा पाय लोंबला तर मानूस विरारपोत जात नाय, मांडी मरते. ही बसतेय किती वर्षं."

 आय पेटीवरून उठली, माझ्या खांद्याला धरून खुर्चीपर्यंत आली आणि बसली. तिचे दोन्ही पाय जमिनीवर आले. नुसते टेकले नाहीत, अख्खे तळवे पसरले. तिने बोटं हलवून बघितली. मग पाठ मागे टाकली, ती डावीकडे कलली आणि तिथल्या जास्तीच्या काथ्याने तिला अलगद झेललं. "अगो बाय," ती एवढंच म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

अंड्यातली सावली मला दिसते. बोंबलातला ओलावा दिसतो. आयच्या पायांचे घोटे रोज सुजलेले असायचे ते मी बघत होते. बघत होते आणि विचारत होते, की रेजिना जेवणात मीठ जास्त घालते का.

"आय, तू कधी बोलली नाहीस," इनास म्हणाला.

आयने डोळे उघडले. "तुम्ही दोघं एवढे भांडलात तिच्यासाठी," ती म्हणाली, "मी म्हटलं, खुर्ची चांगलीच असणार."

धर्मा खोकला. हसू दाबायला खोकला, असं मी म्हणणार नाही. पण खोकला.

मी आत जाऊन चहा टाकला. मला वाटलं, जिंकले. खुर्ची झाली होती, पाय टेकले होते, कलायला जागा होती. आता ती माझ्याकडे राहणार यात शंका नव्हती. कपबशा घेऊन बाहेर आले तर आय इनासला सांगत होती, "ही गाडीवर चढव परत. आपल्याकडे न्यायची. आणि मास्तरांची खुर्ची उद्या हिला आणून दे. हिला हवी होती ती."

मी ट्रे ओट्यावर आदळला. "म्हणजे मी उन्हातान्हात वालीवला खेपा घातल्या त्या याच्या ओट्यासाठी?"

"माझ्यासाठी केलीस ना?"

"हो."

"मग मी जिथं, ती तिथं," आय म्हणाली.

इनास आणि धर्मा खुर्ची बांधायला खाली उतरले तेव्हा ती पुन्हा पेटीवर बसली होती. मी तिच्यापुढे उभी होते.  "तिथे अंगणात पाणी भरतं," मी म्हटलं. "छप्पर गळतं. इथे काय कमी आहे तुला?"

तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. तिच्या हाताला रेक्झिनचा नवा वास लागला होता.

"इथं काय कमी नाय," ती म्हणाली. "पण मी आल्यापासून तू किती विचारलंस? तिकडं कोण आलं, कोण गेलं, काय शिजलं, हंडा कुठं ठेवलाय. तिकडं मला कोणी इकडचं विचारत नाय, फिलू. चार महिने रोज साक्ष देऊन मी थकून जाईन गो."

मी तिला तेव्हाही विचारणार होते, की हे तुला रेजिनाने शिकवलं का. प्रश्न जिभेवर आला होता. मी तो गिळला. माझ्या आयुष्यात मी तोंडातून परत घेतलेला तो पहिला प्रश्न असावा, आणि त्याचा घास फार मोठा होता.

दुसऱ्या दिवशी इनासने बाबांची खुर्ची स्वतः ओढत आणली. मजूर लावला नव्हता. तो पाणी पिऊन गेला आणि मी खुर्ची उलटी केली. तीच आहे ना, बदलली तर नाही, हे बघायला. खोटं कशाला सांगू? सुताराची पटाशी जिथे घसरली होती तो ओरखडा सापडला. माझ्या दुधाच्या दातांची खुर्चीच्या हातावरची खूण सापडली. खुर्ची तीच होती. मग माझा हात पुढच्या आडव्या पट्टीवर गेला. तिथे दोन ठिकाणी पॉलिश उडून लाकूड फिकं पडलं होतं आणि बोट फिरवलं तर किंचित खोल लागत होतं, गुळगुळीत, वीतभर अंतरावर एकेक. बाबांचे पाय तर जमिनीला पोचायचे.

त्या पावसात मी गुडघाभर पाण्यातून इनासच्या घरी जायची. आय ओट्यावर नव्या खुर्चीत बसून लसूण सोलत असायची, तळवे फरशीवर पसरलेले. मी शेजारी पाटावर बसून तिच्यासोबत सोलायची आणि काही विचारायची नाही. काही वेळा जमायचं. न विचारता बसलं की ती आपण होऊन बोलायची, बाबांचं, तिच्या माहेरचं, विहिरीवरच्या एका भांडणाचं. हे सगळं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. एकदा रेजिनाने माझ्यापुढे पेज आणून ठेवली, तेव्हा तिने मान खाली घातली. तेव्हा मला दिसलं की ती सगळ्यांपुढेच मान खाली घालते.

धर्माची मी माफी मागितली नाही. मला ते येत नाही. त्या हिवाळ्यात सुकेळ्यांचा पहिला पुडा त्याच्या शेडवर पाठवला. न मोजता पाठवला. चार दिवसांनी निरोप आला, "बायला सांगा, दोन कमी निघाली." तो माझी थट्टा करत होता हे मला माहीत आहे. तरीही मी घरातले उरलेले पुडे मोजून बघितले.

आणि अजूनही एखादी आगोट अशी येते, की मिरच्या खुडता खुडता मनात येतं, इनासनेच तर त्याला पाय कापायला सांगितलं नसेल? आयला आपल्याकडे ठेवायला? मागे एकदा वालीवला धर्मा भेटला तेव्हा मी शेवटचं म्हणून विचारलंच. दादा त्या दिवशी तुला नक्की काय म्हणाला होता?

धर्मा आता म्हातारा झालाय. त्याने बराच वेळ आठवून बघितलं. "साखर आजून पायजे का, म्हनाला," तो म्हणाला.

आयने त्या खुर्चीत पुढचे सात पावसाळे काढले. खुर्ची इनासकडेच आहे, तिच्यात आता रेजिना बसते. मी ती मागितलेली नाही. माझ्याकडे त्या चार चकत्या आहेत, मसाल्याच्या बरण्यांखाली ठेवलेल्या, ओल लागू नये म्हणून. मिरच्यांचा लाल रंग चिरांमध्ये बसला आहे.

माझे गुडघेही आता बोलतात. बाबांच्या खुर्चीत बसले की पाय जमिनीला पोचत नाहीत. आमचे हे दर वर्षी म्हणतात, "फिलू, माणूस बोलावून दोन बोटं कापून घे." मी कापून घेत नाही. कोळीण गेली, इमारतीतल्या खिडक्या हळूहळू उघडल्या, आणि मी टाचा वर घेऊन पट्टीवर ठेवल्या. तिथल्या दोन खोलगट जागा माझ्याच मापाच्या आहेत.